काचेचे दार आणि दस्तरखान

एक चित्र डोळ्यांपुढे आणू या. रमजानचा तिसरा आठवडा, आणि मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावातून दुपारीच एक गाडी निघाली आहे. आखातात नोकरी करणारा मुलगा दहा दिवसांची सुटी संपवून परत चालला आहे. सोबत त्याचे अब्बा आहेत, आणि हट्टाने आलेले शेजारचे कोष्टी काका. काकांच्या मांडीवर कागदात गुंडाळलेली कोशाची शाल आहे. आंधळगावच्या हातमागावर विणलेली, मधाच्या रंगाची.

“साहेबाले दे तुझ्या. सांग, आमच्या गावची हाय,” काका म्हणतात.

भंडारा, मौदा करत गाडी नागपूरला पोहोचते तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. मुलाचा आणि अब्बांचा रोजा आहे. इफ्तारला पाऊण तास उरला आहे. विमानतळाच्या प्रवेशद्वारावर तिकीट आणि ओळखपत्र पाहणारा जवान उभा असतो. सोडायला आलेल्यांनी इथेच थांबायचे. मुलगा आत जातो, दोघे म्हातारे बाहेर राहतात.

यंदा मुलाच्या कंपनीने तिकीट बिझनेस क्लासचे काढले आहे. सामान देताना खिडकीवरची मुलगी त्याला नम्रपणे सांगते, “सर, आपल्यासाठी लाउंज आहे.” काचेचे दार आपोआप उघडते. आत गालिचा आहे, मंद दिवे आहेत, पाय पसरता येतील अशा खुर्च्या आहेत. एका लांब टेबलावर गरम पदार्थ, फळे, मिठाई, चहा-कॉफीची यंत्रे. कुणी मोठ्याने बोलत नाही. सूर्य मावळतो. मुलगा खिशातला खजूर काढतो, पाणी पितो आणि मनात दुआ करतो. शेजारच्या खुर्चीतला माणूस लॅपटॉपवरून मान वर करत नाही. त्याची काही चूक नाही. लाउंजमध्ये एकमेकांकडे न पाहणे हाच शिष्टाचार असतो.

त्याच वेळी बाहेर, वाहनतळाच्या कडेला, अब्बांनी गाडीच्या मागच्या बाजूला रुमाल पसरला आहे. दोन टॅक्सीवाले येऊन बसले आहेत. एकाचा रोजा आहे, दुसऱ्याचा नाही, पण भूक दोघांनाही आहे. काकूंनी पाठवलेला भज्यांचा डबा काका उघडतात. खजूर चार जणांत वाटला जातो. पाण्याची बाटली एकच आहे, ती फिरते.

दोन्हीकडे पाहुणचारच चालला आहे. फरक इतकाच, की काचेच्या दारावर आधी विचारले जाते, “आपण कोण?” आणि रुमालाच्या कडेला उभ्या माणसाला फक्त म्हटले जाते, “बसा.”

लाउंज ही वाईट गोष्ट नव्हे. लांबचा प्रवास, विमानाला झालेला उशीर, वय, आजार, कडेवर मूल, यांपैकी काहीही सोबत असेल तर शांत खुर्ची आणि गरम चहा किती मोलाचा असतो, हे ज्याने विमानतळावर रात्र काढली त्याला सांगावे लागत नाही. पैसे मोजून कुणी विसावा विकत घेतला, तर त्यात पाप नाही. प्रश्न वेगळा आहे. प्रवाशाचा विसावा ही केवळ विकत घेण्याची वस्तू आहे, की वाटेवरच्या प्रत्येकाचा त्यावर काही हक्क आहे?

या काचेच्या दाराचा इतिहास फार जुना नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडमिरल्स क्लब’ सुरू केला. विमान कंपनीने चालवलेले ते पहिले लाउंज मानले जाते. सुरुवातीला तिथे कंपनीने निमंत्रण दिलेल्यांनाच प्रवेश होता. सदस्यत्व विकत मिळू लागले ते पुढे. १९४६ मध्ये एअर इंडियाचा ‘महाराजा’ जन्माला आला. फेटा, झुपकेदार मिशा आणि कमरेत वाकलेला. प्रत्येक प्रवासी आमचा पाहुणा, असे जणू तो सांगत होता. पुढे त्याच महाराजाचे नाव कंपनीच्या लाउंजला मिळाले, आणि महाराजा सर्वांपुढे वाकेनासा झाला. आज दोहाच्या विमानतळावर एकाच विमान कंपनीचे बिझनेस क्लासचे लाउंज सुमारे १० हजार चौरस मीटरवर पसरलेले आहे. एखाद्या गावाची आबादी त्यात मावावी.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत या दाराला आणखी एक किल्ली मिळाली, ती म्हणजे बँकेचे कार्ड. लाउंजच्या दारात कार्ड यंत्राला लावायचे, खात्यातून दोन रुपये कापले जातात आणि पोटभर जेवण मिळते. ते जेवण दोन रुपयांचे नसते. प्रत्येक माणसामागे बँक किंवा कार्ड कंपनी लाउंजवाल्याला पैसे मोजते आणि ते कार्डाची फी, व्याज, दुकानदाराकडून घेतलेली टक्केवारी यांतून वसूल करते. फुकटच्या चहाचे बिल कुठेतरी, कुणीतरी भरतच असतो. लाउंजबाहेर रांगा लागू लागल्या तेव्हा अनेक बँकांनी अट घातली, की आधीच्या तिमाहीत कार्डावर इतका खर्च केला असेल तरच प्रवेश. म्हणजे माणूस दमला आहे का, हा प्रश्नच नाही. त्याने किती खर्च केला, हा प्रश्न आहे.

नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. विदर्भातल्या माणसाला हे नाव वाचताना ऊर भरून येतो. पण प्रवासात विसावा मागणाऱ्या माणसाला “तू कोण?” असे विचारले जाते तेव्हा काय होते, हे बाबासाहेबांइतके कुणी जाणले नसेल. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर मुले उतरली, पण घ्यायला कुणी आले नव्हते. नीटनेटक्या कपड्यांतल्या त्या मुलांची स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने विचारपूस केली. मुलांनी आपली जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले जास्त पैसे मिळत असूनही त्यांना न्यायला तयार होईनात. वाटेत रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणीसुद्धा मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे.

जातीचे ते दार आणि पैशाचे हे दार सारखे नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. कार्ड उद्या मिळू शकते. जात बदलता येत नव्हती. जातीच्या अपमानाची बरोबरी लाउंजच्या रांगेशी करणे हा त्या दुःखाचा उपहास ठरेल. पण मसूरची गोष्ट एक मापदंड हातात देते. प्रवासी दारात आला की यजमानाने आधी काय पाहायचे, त्याची तहान की त्याची ओळख? ज्या विमानतळावर बाबासाहेबांचे नाव लिहिले आहे, तिथे तर हा प्रश्न विसरता कामा नये.

रमजानच्या महिन्यात हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने समोर येतो. उपवासाचा हा महिना, पण प्रवाशाला रोज्यातून सूट आहे. प्रवास संपल्यावर त्याने तेवढे रोजे भरून काढायचे. माणसाची वाट अवघड असते, याची ही कबुली आहे. त्याहून विचार करण्यासारखी आहे जकात. ऐपतदार मुसलमानाने आपल्या शिलकीचा ठरावीक भाग, म्हणजे वर्षाकाठी अडीच टक्के, जकात म्हणून द्यायचा असतो. बरेच जण तो रमजानमध्येच देतात. ती कुणाला द्यायची, हे कुरआनच्या सूरह तौबामध्ये आठ प्रकारांत सांगितले आहे. त्यात गरीब आहेत, निराधार आहेत, कर्जात बुडालेले आहेत. आणि यादीत शेवटचा आहे ‘इब्नुस्सबील’. शब्दशः अर्थ, ‘वाटेचा पुत्र’. म्हणजे वाटसरू.

आणि आलिमांनी याचा अर्थ लावताना एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. हा वाटसरू आपल्या गावी श्रीमंत असला तरी चालेल. वाटेत तो अडला, हाताशी काही उरले नाही, तर त्याचा या पैशावर हक्क आहे. म्हणजे इथे माणसाची ऐपत नव्हे, त्याची अवस्था मोजली जाते. घर मागे राहिले, मुक्काम अजून पुढे आहे, आणि मधल्या वेळात तो सर्वांचा पाहुणा आहे. हे दान नव्हे. देणाऱ्याने घेणाऱ्यावर उपकार केले, असे मानायला त्यात जागाच नाही.

ही समज एका धर्माची मक्तेदारी नाही. म्हणून तर सराया झाल्या, धर्मशाळा झाल्या, पाणपोया झाल्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना उभा राहिला. मुंबई ते जेद्दा जहाजे जात होती तोवर, म्हणजे १९९५ पर्यंत, गावोगावच्या हाजींचा मुंबईतला मुक्काम अशा मुसाफिरखान्यांत पडत असे. अमरावतीच्या मातीतले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावे झाडत फिरले आणि तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधत गेले. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली, कारण विठ्ठलाच्या दारी येऊनही ज्यांना रात्री टेकायला जागा मिळत नव्हती, असे लोक होते. पुढे तीच वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला दिली. नागपुरात ताजुद्दीन बाबांच्या ताजबागेत लंगरच्या पंगतीला बसणाऱ्याला आजही कुणी नाव विचारत नाही. नाव विचारायचे नाही, हाच तिथला नियम.

नागपूरच्या विमानतळाच्या स्वतःच्या आठवणीतही असेच एक पान आहे. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी विमाने रात्री निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात, सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत. टपालाच्या पिशव्या या विमानातून त्या विमानात जात, प्रवासीही विमान बदलत, आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षी देशांतर्गत साधी पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना सुरू झाली. म्हणजे मंत्र्याचे पत्र आणि विणकराचे पत्र एकाच पिशवीत, एकाच दराने, एकाच रात्रीत. पत्राला बिझनेस क्लास नव्हता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, हातात फारसे काही नसलेल्या देशाला हे जमले होते.

आणि विमानतळावरच सर्वांसाठी एक छत कसे घालता येते, याचे उदाहरण जेद्दात उभे आहे. तिथल्या हज टर्मिनलचे काम १९८१ मध्ये पूर्ण झाले. हजच्या दिवसांत एकाच वेळी हजारो माणसे उतरतात आणि पुढची बस मिळेपर्यंत त्यांना तासन्‌तास थांबावे लागते. वाळवंटातले ऊन. एवढ्या माणसांसाठी वातानुकूलित दालन बांधणे अवाक्याबाहेरचे. तेव्हा ढाक्यात शिकलेले आणि शिकागोत नाव कमावलेले अभियंते फझलूर रहमान खान व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापडाचे छत उभे केले. काचतंतूंचे, वर लेप दिलेले कापड. तंबूसारखे शंकू, एकूण २१०, प्रत्येक ४५ मीटर लांब-रुंद. कापड बरेचसे ऊन परत फेकते, गरम हवा शंकूच्या टोकातून वर निघून जाते आणि खाली बाजूंनी वारा खेळतो. यंत्राविना सावली. १९८३ मध्ये या वास्तूला आगा खान पुरस्कार मिळाला.

या छताखाली बसलेल्यांच्या अंगावर इहरामच्या दोन पांढऱ्या, न शिवलेल्या चादरी असतात. कोण मालक, कोण मजूर, हे कपड्यावरून ओळखू येत नाही. छतही कापडाचे आणि बरोबरीही कापडाची. आंधळगावच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. जंगलातल्या ऐनाच्या झाडावरून कोसा येतो, तो उकळून त्याचे सूत काढतात, ते मागावर चढते. उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांत गुंतल्याशिवाय कापड होत नाही. यातला कुठला धागा बिझनेस क्लासचा, असे कोष्टी काकांना विचारले तर ते हसतील.

मात्र हे सांगताना स्वतःच्या अंगणाकडेही पाहायला हवे. ज्या मक्केत सर्वांनी एकसारख्या चादरी नेसायच्या, तिथेच काबागृहाच्या अंगणालगत पंचतारांकित हॉटेले उभी आहेत आणि हजच्या ‘व्हीआयपी’ सहली विकल्या जातात. गावोगावच्या इफ्तार पार्ट्यांमध्ये तर हे दृश्य ठरलेले असते. नेत्यांसाठी सोफे, त्यांच्यापुढे काजू-पिस्ते, बाटलीबंद पाणी आणि छायाचित्रकार. आणि ज्याने खरेच दिवसभर उन्हात विटा वाहून रोजा धरला, तो मागच्या सतरंजीवर कागदाच्या प्लेटची वाट पाहत बसलेला. दस्तरखान म्हणजे जमिनीवर अंथरलेले एक लांब कापड. त्यावर वरची आणि खालची जागा नसते, म्हणूनच ते दस्तरखान. सोफा मांडला, की तिथेही काचेचे दार तयार होते, फक्त ते दिसत नाही. विमान कंपनीला बोल लावण्याआधी हे दार काढायला हवे. विमान कंपनी निदान पाहुणचाराला पुण्य म्हणत नाही.

मग करायचे काय? लाउंज बंद करा, अशी मागणी कुणी करणार नाही, आणि करूही नये. मागणी उलट दिशेने हवी. काचेच्या आत जे आहे त्यातले आवश्यक तेवढे काचेच्या बाहेर आणा. पिण्याचे थंड पाणी, पाठ टेकता येईल अशी पुरेशी आसने, आईला बाळाला पाजता येईल अशी खोली, कुणालाही नमाज, ध्यान किंवा नुसती शांतता लाभेल असा कोपरा, आणि परवडेल असा चहा. हे स्वप्न नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. चहा १० रुपये, पाणी १० रुपये, समोसा २० रुपये. पुढे चेन्नईतही तो आला. विमानाला ठरावीक तासांहून जास्त उशीर झाला, तर प्रवाशाला खाणेपिणे देण्याचे बंधन देशाच्या नियमांनी कंपन्यांवर घातलेलेच आहे, आणि त्यात तिकिटाचा वर्ग पाहिला जात नाही. हा हक्क प्रवाशाने मागून घ्यायला हवा. बाहेर थांबलेल्या आई-बापांसाठी सावली, बाके आणि पाणी यांचीही काळजी कुणीतरी घ्यायला हवी. त्यांच्याकडे तिकीट नसते, पण प्रवासाचा निम्मा भार तेच वाहत असतात.

आणि विमानतळापर्यंत तरी का जायचे? आंधळगाव, मोहाडी, तुमसर, भंडारा इथल्या बहुतेकांचा विमानतळ म्हणजे एसटी स्टँड. शेवटची गाडी चुकलेली बाई, दवाखान्यातून परतणारा म्हातारा, परीक्षेला निघालेली मुलगी, हे खरे ‘वाटेचे पुत्र’ आणि ‘वाटेच्या लेकी’. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला त्याच्या रोज्याइतकेच पुण्य मिळते, अशी शिकवण आहे. म्हणूनच रमजानमध्ये मशिदीत खजूर, फळे, सरबत येते, बरेचदा गरजेहून जास्त येते. त्यातले एक ताट रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर गेले तर? सोबत पाण्याचा एक माठ. समोर येईल त्याला, न विचारता. गणपतीत, ताजबागेच्या उर्सात, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्यांच्या वाटेवर हे काम लोक करतातच. त्यासाठी निविदा लागत नाही की कार्ड लागत नाही.

पुन्हा त्या संध्याकाळकडे. लाउंजमध्ये बसलेल्या मुलाचा फोन वाजतो. अब्बा विचारतात, “बेटा, रोजा सोडला ना? काय खाल्लं?”

“खूप काही आहे इथे, अब्बा. तुम्ही?”

“आम्हीही खाल्लं. काकूंच्या भज्या होत्या. चार जण होतो.”

मुलगा समोरच्या लांब टेबलाकडे पाहतो. मांडीवर कागदात गुंडाळलेली शाल आहे. ही शाल त्याच्यासोबत आत आली. ती विणणारे काका बाहेर वाहनतळावर डबा आवरत आहेत. पुढच्या वेळी घरून निघताना तो एक गोष्ट ठरवेल, असे मानायला हरकत नाही. विमानाला वेळ असेल, तर इफ्तार दाराबाहेर, रुमालावर होईल. लाउंजमध्ये जायचे ते त्यानंतर, चहा प्यायला.